हप्ता फ्लॅटचा, भाव जमिनीचा

२००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची लोकसंख्या वाढली नाही, उलट घटली. ३३ लाख ३८ हजारांवरून ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दशकात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी आजही ‘तिकडे लांब’ असणारे बदलापूर ९८ हजारांच्या आसपास होते, ते पावणेदोन लाखांच्या घरात पोचले. वसई-विरार तर बारा लाखांचे शहर झाले. २०२१ची जनगणना झालीच नाही. पण सकाळी साडेसातला बदलापूरच्या फलाटावर उभे राहिले की त्यानंतरच्या वाढीचा अंदाज यायला जनगणना लागत नाही.

ही माणसे हौसेने तिकडे गेलेली नाहीत. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी गोठवली. चाळीतल्या भाडेकरूला त्याने मोठा आधार दिला, यात वाद नाही. पण भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधावी असे त्यानंतर कुणाला वाटेना. गिरगावातल्या एका खोलीत दोन भावांचे संसार मावेनासे झाले, तेव्हा धाकट्याला भाड्याची जागा मिळत नव्हती आणि दादरला मालकीची परवडत नव्हती. तो डोंबिवलीला गेला. त्याच्या मुलाने अंबरनाथ-बदलापूर गाठले. नातू आता नेरळ-कर्जतच्या जाहिराती चाळतो आहे.

डोंबिवलीला गेलेल्या त्या पहिल्या पिढीच्या बोलण्यात ‘रिटर्न’ हा शब्द नव्हता. सोसायटी काढायची, शेअर सर्टिफिकेट कपाटात ठेवायचे, पाणी येते का आणि शाळा चालत जाण्याजोगी आहे का एवढे पाहायचे, की झाले. गावाला जे रूप आले ते राहणाऱ्यांनी आणले. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारी गर्दी कुठल्याही बिल्डरच्या माहितीपत्रकात नव्हती. पाडव्याची स्वागतयात्रा आज महाराष्ट्रभर निघते. तिची सुरुवात डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने केली. वस्ती अशी तयार होते, आणि तिला पंचवीस-तीस वर्षे लागतात.

आज कल्याणच्या पुढे किंवा पनवेलच्या आसपास घर पाहायला गेलेल्या जोडप्याला सॅम्पल फ्लॅट दाखवणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांतच स्वयंपाकघर सोडून भविष्याकडे वळतो. इथून मेट्रो जाणार, तिथून कॉरिडॉर जाणार, विमानतळ वीस मिनिटांवर, पाच वर्षांत दुप्पट. घर आणि गुंतवणूक अशा दोन वस्तू एकाच करारनाम्यात, एकाच हप्त्यावर विकल्या जातात. घेणाऱ्यालाही ते सोयीचे वाटते. स्टेशनपासून अडीच किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी राहायला जायचे मन होत नसेल तर गुंतवणूक म्हणून समजूत घालता येते. आणि गुंतवणूक म्हणून शंका आली तर ‘शेवटी डोक्यावर छप्पर तर झाले’ असे म्हणता येते. एका हिशेबातली तूट दुसऱ्या हिशेबात लपते. राहण्यासाठी उपनगरातले घर ही बहुतेकांची खरी आणि रास्त गरज आहे. गुंतवणूक म्हणून तेच घर बरेचदा कच्चे निघते. या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या नाहीत तर नुकसान राहणाऱ्याचेच होते.

आधी भविष्याचे पाहू, कारण भाव त्याच्यावर लागतो.

नवी मुंबईच्या विमानतळाची कल्पना १९९७ मध्ये पुढे आली. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये मिळाली, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, आणि प्रवासी विमाने त्या वर्षीच्या नाताळाच्या दिवशी उडू लागली. म्हणजे कल्पनेपासून उड्डाणापर्यंत २८ वर्षे. या सगळ्या काळात उलवे, पनवेल, द्रोणागिरी, करंजाडे इथली घरे ‘विमानतळाजवळ’ म्हणूनच विकली जात होती. ज्याने २००८ साली या आशेवर फ्लॅट घेतला त्याने विमानतळाची किंमत २००८ सालीच मोजली, आणि त्यानंतर सतरा वर्षे त्या किमतीवर व्याज भरले. विमान उडाले तेव्हा त्याच्या घराचा भाव चढला असेलही. पण त्या चढावाचा बराचसा भाग त्याने आगाऊ देऊन टाकलेला होता.

हे एकट्या विमानतळाचे नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणला झाले. सात वर्षे उलटल्यावरही कल्याणकर मेट्रोत बसलेला नव्हता. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाला मंजुरी मिळाली २०१६ मध्ये. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. अंतर जेमतेम नऊ किलोमीटर, लागली चौदा वर्षे. विरार-अलिबाग कॉरिडॉर तर नकाशावर इतका जुना आहे की त्याच्या भरवशावर घेतलेल्या काही घरांची गृहकर्जे फिटायला आली असतील. प्रकल्प होतात, खोटे नसतात. पण सरकारी प्रकल्पाची मुदत आणि बँकेच्या हप्त्याची तारीख यांतली एकच गोष्ट वेळ पाळते.

आता आकडे मांडू. धरू, अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात ५० लाखांचा फ्लॅट घेतला. १० लाख पदरचे, ४० लाखांचे कर्ज, व्याजदर साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. हप्ता येतो ३४ हजार ७०० रुपयांच्या आसपास. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, किरकोळ असे आणखी सव्वातीन लाख. दहा वर्षांनी विकायला काढला आणि ७५ लाख आले असे समजू. दीडपट भाव झाला म्हणून पेढे वाटायला हरकत नसावी. पण तोवर हप्त्यांत ४१ लाख ६५ हजार गेलेले आहेत, पदरचे आणि सुरुवातीच्या खर्चाचे मिळून सव्वातेरा लाख वेगळे. म्हणजे एकूण ५५ लाख भरले. आणि कर्ज? ते अजून २८ लाख शिल्लक आहे, कारण पहिल्या दहा वर्षांत हप्त्याचा मोठा हिस्सा व्याजातच जातो. ७५ मधून २८ वजा केले की हातात ४७. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर, भाडे सरासरी १२ हजार आणि मेंटेनन्स अडीच हजार धरून, दहा वर्षांत निव्वळ ११ लाख ४० हजार आले. बेरीज ५८ लाख ४० हजार. दहा वर्षे ५५ लाख गुंतवून साडेतीन लाख वर. त्यातून मालमत्ता कर, रंगरंगोटी, दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने आणि विकताना एजंटची दलाली अजून वजा व्हायची आहे.

भाव दुप्पट झाला तर? मग हिशेब सुधारतो, आणि सुधारलाच पाहिजे. पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी सलग सात टक्क्यांहून जास्त वाढ. बाजूलाच नवे टॉवर सतत उभे राहत असताना दहा वर्षे जुन्या फ्लॅटला ती मिळणे सोपे नाही. नवा फ्लॅट बिल्डर पोडियम, जिम, पोहण्याचा तलाव दाखवून विकतो. जुना विकणाऱ्याच्या हातात फक्त एक चावी असते. शिवाय घर एकदम विकले जात नाही. शेअर विकायला मिनिट लागते, वांगणीतला फ्लॅट विकायला वर्ष लागू शकते, आणि नेमकी गरज असते तेव्हाच गिऱ्हाईक भाव पाडते. पूर्वी कर्जाच्या व्याजावर आयकरात दोन लाखांपर्यंत सवलत हा मोठा आधार होता. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराला ती नाही.

मुळात वाढते काय आणि झिजते काय, हा प्रश्न घर घेताना क्वचितच विचारला जातो. इमारत झिजते. कोकणपट्टीच्या पावसात ती जरा लवकरच झिजते. वीस वर्षांत गच्ची गळू लागते, तिसाव्या वर्षी खांबांचे प्लास्टर सुटून सळ्या दिसतात. वाढते ती जमीन. रेल्वे आली, रस्ता झाला, विमानतळ उठला की भाव चढतो तो जमिनीचा. म्हणून फ्लॅटधारकाची सारी गुंतवणूक एका गोष्टीवर टिकून असते: जमिनीतला त्याचा हिस्सा खरोखर त्याचा आहे का?

पुष्कळदा तो नसतो. १९६३च्या मालकी सदनिका कायद्याने सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे सगळे ज्याला कन्व्हेअन्स म्हणतात ते, करून देण्याचे बंधन बिल्डरवर घातले. अर्धे शतक ते बंधन इतके पाळले गेले नाही की २००८ मध्ये कायदा बदलून ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावे लागले: बिल्डर देत नसेल तर सोसायटीने सक्षम अधिकाऱ्याकडे जाऊन एकतर्फी घ्यावे. तरीही मुंबई महानगरात असंख्य सोसायट्यांच्या नावावर आजही जमीन नाही. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर मूळ शेतकऱ्याच्या वारसांची नावे असतात, कधी बिल्डरचे. वाढलेला एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, आली की त्यावर हक्क सांगायला बिल्डर पुन्हा हजर होतो. तीस वर्षे हप्ते आणि मेंटेनन्स भरलेल्या माणसाकडे शेवटी उरते ती चार भिंतींमधली हवा वापरण्याची मुभा. कन्व्हेअन्सची फाइल हलवणाऱ्या एखाद्या निवृत्त सेक्रेटरीची सोसायटीच्या बैठकीत थट्टा होते. वास्तविक साऱ्या सभासदांची गुंतवणूक सांभाळणारा तो एकटाच माणूस असतो.

आणि पुनर्विकास? दादर-पार्ल्यात जुनी इमारत हे घबाड ठरते, कारण तिथे मोकळी जमीन नाही आणि वाढीव मजले विकून बिल्डरला भरपूर सुटते. बदलापूरला इमारत जुनी होईल तेव्हा तिच्या पलीकडेच मोकळे शेत उभे असेल. चाळीस कुटुंबांना भाडे देऊन, त्यांची भांडणे मिटवून, जुनी इमारत पाडण्यापेक्षा ते शेत घेणे बिल्डरला स्वस्त पडते. मुंबईचा अनुभव उपनगराच्या टोकाला तसाच्या तसा लागू होईल असे मानून घर घेणे ही या व्यवहारातली सगळ्यांत महाग समजूत आहे.

जमिनीचा वाढावा नेमका कुणाला मिळतो याचे उत्तर नवी मुंबईच्या इतिहासात आहे. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५च्या सुमारास खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ९५ गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. शहर वसवण्याचा खर्च जमिनीच्या वाढत्या किमतीतूनच निघावा, हे त्यामागचे सूत्र होते. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या वाट्याला त्या वाढीतले काहीच नव्हते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात आंदोलन पेटले, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. विमानतळाला त्याच दि. बां.चे नाव देण्याचा ठराव राज्याने केला आहे. उपनगराच्या अर्थकारणाचे मर्म त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना चाळीस वर्षांपूर्वी कळले होते: पैसा जमिनीत आहे, तेव्हा मागायची ती जमीनच. फ्लॅट घेणाऱ्या मध्यमवर्गाला ते अजून उमगायचे आहे.

जमिनीचे महत्त्व ज्यांना उमगले ते काही जण थेट प्लॉट घ्यायला कर्जत, नेरळ, मुरबाड, शहापूरला जातात. तिथे वेगळेच जाळे पसरलेले असते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठा-दोन गुंठे वेगळे काढून विकता येत नाहीत. तरी ‘फार्महाउस प्लॉट’ विकले जातात. खरेदीखताऐवजी साठेखत, किंवा एकाच सातबाऱ्यावर पंचवीस जणांची सामाईक नावे. कुंपण घातलेला तुकडा दाखवला जातो, पण कागदावर तो तुकडा कुठेच नसतो. जुलै २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदी शिथिल करून झालेले छोटे व्यवहार नियमित करण्याची घोषणा केली, तेव्हा असे प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिरातींना नवे बळ मिळाले. झालेले नियमित होणे वेगळे आणि पुढचे कायदेशीर होणे वेगळे, हे जाहिरातीत कोण लिहील? त्यात माथेरानच्या आसपासचा पट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. तिथे जोत्याचा दगड बसवण्याआधी पाहायचे नियम आणखी निराळे.

कागदाचा प्रश्न फ्लॅटलाही सुटत नाही. मे २०१७ पासून महारेरा आले आणि ग्राहकाच्या हातात पहिल्यांदा काही हत्यार आले, हे मान्य करायला हवे: पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती, चटई क्षेत्रावर दर, बांधकामातल्या दोषांची पाच वर्षे जबाबदारी. पण कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या जोडून रेराचीच नोंदणी मिळवली, त्यांतल्या घरांवर कर्जेही निघाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. राहणाऱ्यांनी जाहिरात पाहिली होती, रेरा क्रमांक पाहिला होता, बँकेने कागद तपासलेत अशी खात्री मानली होती. अजून काय पाहायचे होते त्यांनी? नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, नांदत्या झाल्या, आणि २०२५च्या सुरुवातीला बुलडोझरखाली गेल्या. ज्यांच्या सह्यांमुळे किंवा डोळेझाकीमुळे त्या उभ्या राहिल्या त्यांच्यापैकी बेघर कुणीच झाले नाही. शिळफाट्याला एप्रिल २०१३ मध्ये कोसळलेल्या बेकायदा इमारतीत ७४ माणसे गेली; विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये तशाच एका इमारतीत १७. मधल्या बारा वर्षांत घरांचे भाव मात्र सगळीकडे वाढत होते, बेकायदा घरांचेसुद्धा. भाव वाढणे म्हणजे जागा चांगली असणे नव्हे, याचा यापेक्षा उघड पुरावा सापडायचा नाही.

इथे दुसरी बाजू ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. १९८०-९० मध्ये ठाणे, मुलुंड, डोंबिवली, वाशीला ज्यांनी घरे घेतली त्यांचे भले झाले. वाशीला १९९२ मध्ये रेल्वे पोचली आणि खाडीपलीकडे राहणाऱ्यांना हसणे थांबले. त्या घरांवर मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली. आणखी एक मुद्दा सगळ्या आर्थिक सल्लागारांनी लक्षात घ्यावा असा आहे. हप्त्यामुळे पैसे साठतात. महिन्याला ३४ हजारांची एसआयपी पाच महिन्यांत बंद करणारा माणूस तितकाच हप्ता वीस वर्षे मुकाट भरतो, कारण घर जाण्याची भीती म्युच्युअल फंडाच्या घसरणीपेक्षा मोठी असते. शिवाय अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणे म्हणजे काय, हे ज्यांनी दर वर्षी दहावीतल्या मुलाची पुस्तके खोक्यात भरली आहेत त्यांनाच ठाऊक. घरमालकाच्या मुलाचे लग्न ठरले की भाडेकरूचा संसार हलतो. जात, धर्म, मांसाहार, एकटी बाई अशा प्रश्नांवरून नाकारले जाण्याचा अपमान हप्त्याने एकदाचा संपतो. मालकीच्या घराची ओढ ही अडाणी भावना नाही. भाड्याच्या घराची व्यवस्था इतकी वाईट आहे म्हणून ती शहाणपणाची ठरते.

पण या युक्तिवादातला प्रत्येक मुद्दा राहणाऱ्याचा आहे. स्थैर्य, शाळा, अपमानातून सुटका, सक्तीची बचत. दुसरा, तिसरा फ्लॅट ‘ठेवून’ देणाऱ्याला यांतले काहीच लागू नाही. आणि डोंबिवली-वाशीच्या ज्या पिढीचे उदाहरण दिले जाते ती स्वस्तात शिरली होती. तिने भविष्याचा भाव आगाऊ मोजला नव्हता, कारण तेव्हा तिथे भविष्य विकायला कुणी बसलेलेच नव्हते.

ठेवून दिलेल्या फ्लॅटांमुळे शहराचे काय होते तेही पाहण्याजोगे आहे. २०११च्या जनगणनेच्या आधारे २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने दाखवले की देशातल्या शहरांत सगळ्यांत जास्त रिकामी घरे मुंबईत, सुमारे ४ लाख ८० हजार. घर मिळत नाही म्हणून कर्जतला निघालेले शहर ते हेच. टोकाच्या उपनगरातल्या नव्या संकुलांत संध्याकाळी खिडक्या मोजल्या तर दिव्यांपेक्षा अंधाऱ्या जास्त निघतात. रिकाम्या फ्लॅटचा मालक मेंटेनन्स थकवतो, बैठकीला येत नाही, लिफ्टच्या दुरुस्तीला मत देत नाही. त्याला गावात बाग हवी असते ती माहितीपत्रकापुरती.

याहून खोल परिणाम राहणाऱ्यांच्या वागण्यावर होतो. घर गुंतवणूक झाले की गावातली अडचण बोलून दाखवणे म्हणजे आपलाच भाव पाडणे ठरते. संकुलात रोज टँकर येतो, पण फ्लॅट पाहायला आलेल्यासमोर ते कुणी काढत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह अडकली, बोटींनी माणसे काढावी लागली. २६ जुलै २००५लाही तीच नदी होती. तरी पूररेषेजवळच्या नव्या बांधकामांवर हरकत घेणारे थोडेच. इमारत पूररेषेत आहे ही गोष्ट चारचौघांत आली तर दर खाली येईल ही धास्ती पाण्याच्या धास्तीपेक्षा मोठी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ अशा दोन मोठ्या स्फोटांत कामगार मेले, लांबवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. कारखाने आधी होते, घरे नंतर त्यांच्या अंगाला भिडली. चर्चा दोन-तीन आठवडे चालली आणि भाव आहे तिथे राहिले, याबद्दल अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. नगरपालिकेला जाब विचारणारा नागरिक आणि भावाकडे डोळे लावून बसलेला मालक एकाच माणसात असले की दुसरा पहिल्याचे तोंड दाबतो.

आता अंतर. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, कर्जत शंभर. घरापासून कार्यालयापर्यंत आणि परत, रिक्षा-लोकल-चालणे धरून रोज साडेतीन तास लागले तरी महिन्याच्या २५ दिवसांत ८७ तास होतात, वर्षाला हजाराच्या वर. आठ तासांच्या कामाच्या भाषेत हे १३० दिवस. यांची किंमत कुठल्याच करारनाम्यात नसते. ती बाईला जास्त पडते. डबा, मुले, म्हातारी माणसे यांचे तास गाडीच्या आधी आणि नंतर येतात, त्यामुळे तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन भरगच्च लोकलच्या दारांत लटकलेली माणसे एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. त्या दिवशी चौघांचा जीव गेला. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसे मरतात. विरोधाभास असा की रेल्वेचा पास स्वस्त आहे म्हणूनच शंभर किलोमीटरवरची जमीन महाग होऊ शकते. सरकार पासावर जी सवलत देते तिचा मोठा वाटा प्रवाशाकडे न राहता जमिनीच्या भावात मुरतो आणि विकणाऱ्याकडे जातो.

या साऱ्याचा हिशेब सर्वांत आधी आणि सर्वांत चोख मांडला तो गिरणी कामगारांनी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांचे जगणे विसकटले, गिरण्या बंद पडल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली गेली, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला, आणि परळ-लोअर परळला टॉवर व मॉल उभे राहिले. घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास कामगार व वारसांचे अर्ज आहेत. मार्च २०२४च्या शासन निर्णयानंतर सरकारने शेलू आणि वांगणी इथे ८१ हजार घरांची योजना पुढे केली. घर नाकारणाऱ्याचा हक्क संपेल असे कलमही निर्णयात होते.

बाजाराच्या भाषेत हे सोन्यासारखे ठिकाण होते: स्टेशनलगत, डोंगर जवळ, पनवेल-कर्जत मार्ग येऊ घातलेला. कामगारांनी ते नाकारले. जुलै २०२५ मध्ये भर पावसात साठी-सत्तरी उलटलेली माणसे आझाद मैदानावर बसली आणि घर मुंबईतच हवे म्हणाली. त्यांनी लावलेला हिशेब साधा होता. केईएम रुग्णालय परळला आहे, मुलाची नोकरी अंधेरीला आहे, सून दादरला कामाला जाते, आणि शेलूहून सकाळची जलद गाडी पकडणे सत्तराव्या वर्षी जमत नाही. पाच वर्षांत दुप्पट भाव होईल असे त्यांना कुणी सांगितले असते तर पाच वर्षे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी विचारला असता. घरे मुंबईतल्या गिरण्यांच्या उरलेल्या जमिनीवर, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या (एनटीसी) गिरण्यांच्या जागेवर, बीडीडी चाळींच्या परिसरात द्या, अशी त्यांची मागणी आहे.